विहीणबाईंचा बेटावरचा बाजार

आमच्या विहीणबाई सुपरमार्केटात जाऊन फ्लॉवरला शिव्या द्यायच्या. दुकानदाराला नाही, फ्लॉवरला. काचेच्या थंडगार कपाटात प्लास्टिक गुंडाळून बसलेला मुठीएवढा गड्डा असायचा. त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "काय रं, लई माजलास व्हय? मंचरला तुला गुरं हुंगत न्हाईत, अन् हिथं काचंत बसून हजार रुपय मागतोयस?"

दुकानातली माणसं बघत राहायची. नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि पायात लेकाचे पांढरे बूट. मी आपली दोन पावलं मागं सरकून डब्यांवरची नावं वाचल्यासारखं करायचे. वाचता काय येतंय कप्पाळ, सगळं इंग्रजी! पण ओळख नाही असं दाखवायला काहीतरी वाचावं लागतंच.

आता हे कुठलं, तर तिकडे वेस्ट इंडीजला. क्रिकेटमुळे नाव तुम्हाला ठाऊक असेल. मलाही तेवढंच ठाऊक होतं. तिथल्या एका बारक्या बेटावर माझी लेक आणि जावई मेडिकल कॉलेजात शिकवतात. नातू झाला, लेकीची रजा संपली, तेव्हा जावयांनी आपल्या आईला बोलावून घेतलं. दोन महिन्यांनी लेकीचा मला फोन आला, "आई, तू पण ये." मी म्हटलं, "अगं, बाळाला एक आजी पुरे की." तर म्हणाली, "बाळाला पुरे. सासूबाईंना सांभाळायला कुणीतरी पाहिजे."

मुलीच्या आईनं मुलीच्या घरी ठाण मांडायचं म्हणजे आमच्या महाळुंगे पडवळला अजून चार जणी भुवया वर करतात. मी जरा बिचकतच गेले. विहीणबाई दारातच उभ्या. लेण्याद्रीच्या पायथ्याच्या बाजूचं त्यांचं गाव, आवाज तिथून जुन्नरला ऐकू जावा असा. म्हणाल्या, "या इनबाई. लेकीच्या घरी आलाय, जरा दबून राहा. मी पण दबूनच हाय."

दबून म्हणजे कसं, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. स्वयंपाकघराच्या छताला धुराची घंटा होती. मिरच्या भाजल्या की ती बोंबलायची. विहीणबाईंनी तिचं नाव ठेवलं होतं कोतवाल. फोडणी टाकायच्या आधी स्टुलावर चढून कोतवालाच्या तोंडावर ओला पंचा बांधायचा आणि मग खुशाल खमंग काय करायचं ते करायचं. जावईबापू ओरडायचे, "आई, हे बेकायदेशीर आहे." त्या म्हणायच्या, "मग आळणी खा."

त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती, आणि ती त्यांनी मला त्याच दिवशी कांदा चिरता चिरता सांगून टाकली. कांदा पण बघा कसला! हॉलंडचा की कुठला, बोटीतून आलेला, चिरला तरी डोळ्याला पाणी नाही. म्हणाल्या, "ह्याला मंचरच्या मार्केटात गोणीत सुदिक घेतला नसता. ते जाऊ द्या. इनबाई, तिकीट सुनंनं काढलं, घर लेकानं दिलं. पण मी कुनाच्या जिवावर खानारी न्हाई. बाजार माज्याकडं. माजं खानं भागून वर चार पैसं उरतील एवढं मी ह्या घराचं वाचवीन. ज्या दिवशी जमलं न्हाई, त्या दिवशी बॅग भरीन."

मी हसले. त्या नाही हसल्या.

वाचवणं सोपं नव्हतं. त्या बेटावर सगळंच बोटीनं यायचं. बोट लांबली की दुकानातलं बटाट्याचं खोकं रिकामं. कोथिंबिरीच्या चार काड्या डबीत घालून औषधासारख्या विकायचे. उलट बर्फातली कोंबडी अमेरिकेतून पोत्यानं यायची आणि भाजीपेक्षा स्वस्त पडायची. विहीणबाई कपाळाला हात लावायच्या. "असला कसला देश गं बाई, हिथं गरीब कोंबडी खातो अन् श्रीमंत कोबी!"

हे त्यांच्या डोक्यात इतकं बसलं की पुढे परत आल्यावर मंचरच्या बाजारात त्या उलटा भाव करायच्या. कोथिंबिरीवाल्याला म्हणायच्या, "एवढी जुडी दहाला? लाज न्हाई वाटत? वाढीव जरा!" तो बिचारा घाबरून माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचे, "भाऊ, घे, म्हातारी परदेशातून आलीये."

बेटावर बाजरी नव्हती, ज्वारी नव्हती. मक्याचं पीठ मिळायचं, तेही रव्यासारखं भरड. पहिली भाकरी थापून तव्यावर टाकली तर तिचे सात तुकडे. विहीणबाई म्हणाल्या, "ही भाकरी न्हाई, ही भावकीची वाटनी हाय." मग ते पीठ बाळाच्या मलमलच्या दुपट्यातून चाळलं, उकळत्या पाण्यात मळलं, आणि चौथ्या दिवशी भाकरी टम्म फुगली. अळूची पानं तिथं रगड, ओल्या तुरीच्या शेंगा रगड, भोपळा, रताळी, कच्ची केळी. म्हणजे आपलं घर चालवण्याजोगं सगळं होतं, फक्त ते काचेच्या कपाटात नव्हतं. ते शनिवारी बोटीच्या धक्क्याजवळच्या बाजारात यायचं, आणि तिथं जायला मी येईपर्यंत विहीणबाईंना सोबत नव्हती.

मिरची मात्र तिथली वेगळी. पिवळीधमक, बुटकी, कंदिलासारखी फुगलेली. विकणारी बाई तोंडापुढं हात हलवून हलवून सांगत होती की जपून. विहीणबाई म्हणाल्या, "आगं जा, आमी ठेच्यावर वाढलेली मान्सं." घरी येऊन चार मिरच्यांचा ठेचा केला. पहिला घास त्यांनीच घेतला. जावयांनी विचारलं, "कसा झालाय?" म्हणाल्या, "गोडच हाय." मग शांतपणे उठून मागल्या दारी गेल्या, आणि नळाचा आवाज आम्हाला जेवण होईपर्यंत येत होता.

तर सांगत होते ते बाजाराचं.

विहीणबाईंचे वडील बैलांचे दलाल. बेल्ह्याच्या बैलबाजारात त्यांचा हात चालायचा. हात चालायचा म्हणजे खरोखरच हात. तुम्ही पाहिलं असेल, बैलाचा सौदा तोंडानं करत नाहीत. भोवती माणसं उभी, त्यांना आकडा कळता कामा नये. म्हणून दोघांनी हात हातात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा, आणि आत बोटं दाबून भाव करायचा. इतकी बोटं धरली की इतके. तोंड मात्र तिसरीकडेच, जसं काही चाललंच नाही. बायका काही त्या बाजारात जात नसत. पण वडील घरी येऊन या एकुलत्या लेकीबरोबर तोच खेळ खेळायचे. गोळ्या-बिस्किटांचा सौदासुद्धा रुमालाखाली.

मग इंग्रजी येत नसताना बाजार करायची वेळ आली, तेव्हा विहीणबाईंना दुसरं काय सुचणार?

पहिल्या शनिवारी मी पिशवी धरून मागं उभी होते. एक धिप्पाड काळी बाई, डोक्यावर गवताची टोपी, पुढ्यात भेंडीचा आणि अळूचा ढीग. तिनं पाटीवर लिहिलेला भाव दाखवला. विहीणबाईंनी पाटीकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ तिचा उजवा हात धरला, त्यावर आपला पदर टाकला, डोळे मिटले आणि आत दोन बोटं दाबली.

टोपीवाली दचकली. हात ओढेल असं मला वाटलं. पण तिनं विहीणबाईंच्या कपाळाकडे बघितलं, मिटलेल्या डोळ्यांकडे बघितलं, आणि हळूच स्वतःचेही डोळे मिटले. बराच वेळ दोघी तशाच. मग टोपीवालीनं एक लांब श्वास सोडला आणि म्हणाली, "आमेन."

विहीणबाईंनी दोन डॉलर तिच्या हातावर ठेवले. टोपीवालीनं पिशवी भरून भेंडी दिली, वर अळूची पानं आणि एक भोपळ्याची फोड.

"बघितलं का इनबाई!" वाटेत त्यांचा पाय जमिनीवर नव्हता. "माज्या बापाची बोटं हायती ही."

"पण ती आमेन का म्हणाली?"

"आमेन म्हंजे हिकडं 'दिला' म्हनत आसतील."

पुढच्या शनिवारी टोपीवालीनं यांना लांबूनच बघितलं आणि हात पुढे केला. तिच्या शेजारणीनंही केला. मग रताळीवाली, केळीवाली. विहीणबाई रांगेनं सौदे करत चालल्या. पदराखाली हात, डोळे मिटलेले, दोन बोटं, तीन बोटं, आमेन. पिशव्या अशा भरायच्या की माझे खांदे उतरायचे. घरी त्या लेकाला ऐकवायच्या, "डॉक्टर, शिक्षान घेऊन तुमी त्या काचंच्या दुकानात लुटून घेता. अडानी आईकडं बघा." जावईबापू बाळाला खेळवत म्हणायचे, "मानलं बुवा आई तुला." तेवढ्यानं त्यांची मान दिवसभर ताठ राहायची.

मला मात्र एका शनिवारी शंका आली. एक लंगडत चालणारा म्हातारा आला आणि त्यानं यांच्यापुढं हात केला. त्याच्याजवळ ना भाजी ना फळं.

"तुझा माल कुठाय रं?" विहीणबाईंनी विचारलं.

तो काहीतरी बोलला, डोळ्यात पाणी. विहीणबाईंनी पदर टाकून त्याचा हात दाबला, त्यानं डोळे पुसले आणि निघून गेला.

"येडं हाय," त्या म्हणाल्या. "माल नसताना भाव करायला आलं."

मी घरी येऊन गप्प बसले. आता कुणाच्या आनंदात आपण का माती कालवा? आणि तेही विहिणीच्या!

पण बेट बारकं. लेकीच्या कॉलेजातल्या एका बाईनं तिला जिन्यात गाठलं आणि विचारलं, तुमच्या सासूबाई शनिवारी बाजारात हात धरून प्रार्थना करतात, त्या गुडघ्यासाठी पण करतात का? माझ्या आईला आणू का? लेक घरी आली ती हसून हसून रडायची बाकी. जावईबापूंना मात्र हसू आलं नाही. दुपारच्या जेवणाला ताटं वाढलेली, भेंडीची भाजी, मक्याची भाकरी, आणि ते म्हणाले, "आई, मी मेडिकल कॉलेजात शिकवतो, आणि माझी आई बाजारात हात दाबून लोकांना बरं करते! उद्या कुणी तक्रार केली तर?"

विहीणबाईंना कळेना. "मी कुनाला बरं केलं? मी भाव करती."

"भाव नाही होत तो! त्या बायकांना त्यातलं काही कळत नाही. त्यांना वाटतं तू कुणी देवमाणूस आहेस. तू प्रार्थना करतेस म्हणून त्या तुला भाजी देतात."

"दोन बोटं दाबली, दोन डालर दिलं."

"त्या भाजीचे दहा होतात आई. तू कितीही दिले असतेस तरी त्यांनी घेतले असते."

विहीणबाईंचा घास हातातच राहिला. मग हळू विचारलं, "म्हंजे सौदा न्हवता झाला?"

"नाही."

"म्हंजे मी भिक्षा मागून आनली. अन् तुमाला खाऊ घातली."

"तसं नाही गं..." जावई आता मऊ पडले. पण विहीणबाईंनी घास ताटात ठेवला, हात धुतला आणि आत जाऊन बॅग पलंगावर काढली. बैलांच्या दलालाची लेक ती. समोरच्याला ठकवून घेतलेलं त्यांना चाललं असतं, ठकवून घेण्यात हुशारी असते. पण कीव करून दिलेलं? त्या मला म्हणाल्या, "इनबाई, माजा बाप आसता तर त्यानं मला उंबऱ्यात घेतलं नसतं."

तिकीट मिळायला दोन आठवडे होते. तोवर त्यांनी घरातल्या अन्नाला हात लावायचा नाही असं ठरवलं. गावाहून आणलेलं हुलग्याचं पीठ होतं, त्याची शेंगोळी करायच्या आणि आपली आपण खायच्या. आम्हाला वाढायच्या मात्र सगळं, बाळाला खेळवायच्या, कोतवालाचं तोंड बांधायच्या. जावयांनी समजावलं, लेकीनं पाया पडून समजावलं. त्यांचं उत्तर एकच, "मी तुमच्यावर रागावली न्हाई. पन मी बोलले व्हते."

त्या आठवड्याचा बाजार जावईबापूंनी सुपरमार्केटातून आणला. बिलाची लांब पट्टी बघून ते म्हणाले, "भेंडीचे एवढे?"

लेक म्हणाली, "हिच्यावर प्रार्थना झालेली नाही ना!"

शनिवारी सकाळी विहीणबाई लुगडं नेसून तयार. मला म्हणाल्या, "चला. जायच्या आधी हिशोब मिटवू." मला वाटलं होतं शांतपणे पैसे देऊन येतील. कसलं शांत! टोपीवालीनं हात पुढे केला तर तिच्या हातावर चापट मारली. "हात न्हाई. पैसं घे." नोटा पुढे केल्या. टोपीवाली मान हलवते, छातीवर हात ठेवते, घेईना. यांनी तिच्या खिशात कोंबल्या, तिनं यांच्या पिशवीत कोंबल्या. दोघीही हट्टी. बाजार थांबून बघायला लागला.

शेवटी विहीणबाई दमल्या. आजूबाजूला बघितलं, एक रिकामं खोकं ओढलं आणि टोपीवालीच्या शेजारी बसल्या. भाजीचा ढीग बघून त्यांच्यातलं काय जागं झालं कुणास ठाऊक. "काय गं हे, उकिरड्यावानी ओतलंय," म्हणाल्या. कोमेजलेली भेंडी बाजूला काढली, कोवळी वर घेतली. अळूची पानं देठ जुळवून केळीच्या खोडाच्या सोपटानं बांधली, जुड्या केल्या. पाणी शिंपडलं. भेंडीचे सारखे वाटे लावले, आपल्याकडे लावतात तसे, शेवटची मूठ वर दिसेल असे. आणि एकदम ओरडल्या, "घ्या भेंडीऽऽ! कवळी भेंडीऽऽ! पावनं, हिकडं या, तिकडं काय बघताय!"

धक्क्यावरची माणसं वळली. भाषा कुणाला कळणार? पण वाटा डोळ्याला दिसतो, आणि आवाज तर काय, समुद्रातल्या बोटीनं भोंगा बंद करावा असा. गिऱ्हाईक आलं. एकानं भेंडीचं टोक मोडून बघितलं तर त्याच्या हातावरही चापट. टोपीवाली पोट धरून हसत होती आणि पैसे घेत होती. दुपारच्या आत तिच्यापुढं नुसती चटई उरली. शेजारणींचे ढीग अजून तसेच.

मी मधेच लेकीला फोन लावला होता. मी काय करणार, मला काही सुधरेना. तर जावईबापू धावत आले.

"आई, ऊठ! तू पाहुणी म्हणून आलीयेस, व्हिसावर इथं काम करता येत नाही!"

"मी काम कुठं करती? बसती अन् बोलती. बोलायला पन व्हिसा लागतो का?"

तेवढ्यात त्यांची कॉलेजातली चार पोरं समोर आली. "गुड मॉर्निंग सर!" सरांच्या आईकडून भेंडी घ्यायला उभी. शेजारणीनं आता आपला भेंडीचा ढीग विहीणबाईंपुढं सरकवला होता. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, उभं काय ऱ्हायलाय? पोरांला निवडून द्या." आणि बघते तर जावईबापू, टाय लावलेले, घामाघूम, वाकून भेंडी निवडतायत.

निघताना टोपीवालीनं शेजारणींच्या ढिगांतून भरलेली एक पिशवी पुढं केली. विहीणबाईंनी आत हात घालून बघितलं. त्यांनी भोपळा काढून परत ठेवला, केळी परत ठेवली, भेंडी आणि अळू तेवढं ठेवून घेतलं. मनात काहीतरी मोजणं चाललं होतं. मग टोपीवालीकडे बघून मान हलवली.

"ही माजी दलाली," त्या मला म्हणाल्या. "ह्याच्या वर एक पान घेतलं तर हराम."

घरी येऊन त्यांनी स्वतः भेंडी चिरली, स्वतः कोतवालाचं तोंड बांधलं. लसणाची फोडणी घराबाहेर रस्त्यापर्यंत गेली. चार ताटं मांडली. आम्ही तिघंही त्यांच्या ताटाकडे न बघता बघत होतो. त्यांनी भाकरी मोडली, भाजी घेतली, घास तोंडात घातला आणि निवांत चावत राहिल्या. लेकीनं टेबलाखाली माझा गुडघा दाबला. मग विहीणबाईंनी तोंडातून एक धागा ओढून ताटाच्या कडेला ठेवला आणि लेकाकडे बघितलं.

"डॉक्टर, ही भेंडी जून हाय. तुमी निवडलेली दिसती."